लहानूजींचा श्वास

“मग मी जाऊ ना, भन्ते?”

भन्ते खेमानंद विहाराचा व्हरांडा झाडत होते. झाडू थांबला नाही.

“कुठे?”

“नागपूरला. शिबिराला. काल सांगितलं होतं मी तुम्हाला.”

“परवाही सांगितलं होतंस.”

निशांत ओशाळला, पण अगदी थोडासा. खांद्यावर पिशवी अडकवूनच आला होता तो. होकार गृहीत धरून आलेल्या माणसाला ओशाळायला फारशी जागा नसते.

डॉक्टर निशांत रंगारी भूलतज्ज्ञ होता. नुकताच पास झालेला, तोही पदक घेऊन. वैनगंगेच्या काठच्या या लहानशा विहाराला लागून एक बैठं घर होतं. त्यात काही खाटा होत्या आणि देखरेखीला एक सिस्टर होत्या. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशांना तिथे ठेवून घेत. आजार बरा करायचा नाही, फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच त्या घराचं काम होतं. निशांत सुट्टीच्या दिवशी तिथे सेवेला येई आणि जमेल तेव्हा भन्तेंकडून ध्यान शिके.

भन्तेही एके काळी भूलतज्ज्ञच होते. सरकारी इस्पितळात उभी हयात काढली आणि मग भिक्खू होऊन चीवर घेतलं. तेव्हापासून सुई हातात धरली नाही. पण आजाऱ्यांच्या उशाशी बसायची सवय काही सुटली नव्हती.

निशांतची ध्यानातली प्रगती जोरात होती. निदान निशांतचं तरी तसं मत होतं. नागपूरचं शिबिर मुरलेल्या साधकांचं. गुरूचा होकार असेल तरच तिथे प्रवेश मिळे, आणि ते वर्षातून एकदाच भरे. संध्याकाळी पहिली बैठक. दुपारच्या बसनं निघालं की वेळेत पोचता येत होतं.

“तिथे काय करणार?” भन्तेंनी विचारलं.

“श्वास बघणार. दहा दिवस फक्त श्वास.”

“कोणाचा?”

“कोणाचा म्हणजे? माझाच.”

भन्ते झाडत राहिले.

“माझं मन आता हलत नाही, भन्ते. तासभर बसलो तरी एक श्वास सुटत नाही नजरेतून.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“वा!” भन्ते म्हणाले.

त्यांना खरंच आनंद झाला होता. भन्तेंची हीच पंचाईत होती. टोमणा मारला असता तर माणसाला रागावता तरी आलं असतं. ते मनापासून कौतुक करत, आणि मग कौतुक झालेल्या माणसालाच कुठेतरी खुटखुटायला लागे.

“मग... जाऊ?”

भन्ते तोंड उघडणार तेवढ्यात बैठ्या घराकडून गयाबाई धावत आल्या. पायात चपला नव्हत्या.

“भन्तेजी! हे उठून नाही रायले! हालवून पायलं, आवाज देऊन पायलं... नुसते घोरून रायले!”

झाडू भिंतीला टेकला. निशांतची पिशवी व्हरांड्यातच पडली.

गयाबाई आणि लहानूजी मेश्राम या नवरा-बायकोनं जन्मभर समोरासमोर बसून बिड्या वळल्या. लहानूजींच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. इथे आणलं तेव्हा साधी कूस बदलायची म्हटलं तरी ते ओरडत. मग निशांतनं त्यांच्या दंडावर एक पट्टी लावली. फेंटानिलची. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. तिच्यातलं औषध कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं. पट्टी लागल्यापासून लहानूजी माणसात आले होते. परवा तर त्यांनी झिंग्यांची भाजी मागितली होती आणि ती खारट झाली म्हणून बायकोला नावंही ठेवली होती. गयाबाई दिवसभर हरखलेल्या होत्या.

आता ते खाटेवर उताणे पडले होते. एक घोरणं आलं...

मग काहीच नाही.

मग पुन्हा एक घोरणं, ओढून आणल्यासारखं.

ओठ निळसर झाले होते. निशांतनं पापण्या उचलून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडावर एक गरम पाण्याची पिशवी होती. नेमकी पट्टीवर.

“ही कोणी ठेवली?”

“म्याच.” गयाबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. “रातभर थंडीनं कुडकुडत होते. हात दुखते म्हणे. मंग जिथं औषध लावलं तिथंच शेक देला... दोनी एकाच जागी बरे ना?”

निशांतनं पिशवी भिरकावली. पट्टी उपटली, कातडी ओल्या कापडानं पुसली, नळी लावून प्राणवायू सुरू केला. हात झरझर चालत होते. पोरगा कामात पक्का होता, हे नाकारून चालणार नाही.

“सिस्टर, नालॉक्सोन!”

अफूच्या जातीची औषधं दुखणं झोपवतात. जास्त झाली की श्वासालाही झोपवतात. शेकानं पट्टीतलं औषध एकदम आत लोटलं होतं, आणि लहानूजींचं शरीर श्वास घ्यायचं विसरत चाललं होतं. नालॉक्सोन हा त्यावरचा उतारा. तो अफूला तिच्या जागेवरून उठवतो आणि स्वतः तिथे बसतो.

सिस्टरनं औषध सुईत भरून दिलं.

“थोडं थोडं दे,” भन्ते म्हणाले. त्यांनी लहानूजींचा खांदा धरला होता. “मी त्यांना हाक मारतोय. लहानूजी! श्वास घ्या!”

लहानूजींनी एक श्वास घेतला. आज्ञाधारक मुलासारखा.

पण निशांतला तो दिसला नाही. त्याचं लक्ष सुईवर होतं.

“थोडं थोडं करायला वेळ कुठे आहे, भन्ते?”

आणि त्यानं ती सगळी सुई एका दमात रिकामी केली.

लहानूजींनी डोळे उघडले. छाती भरून श्वास घेतला. चेहऱ्यावर रंग आला.

“आले!” निशांत म्हणाला. त्याचा चेहरा उजळून निघाला होता.

आणि मग लहानूजी ओरडले.

इतके दिवस झोपलेलं दुखणं एका झटक्यात जागं झालं होतं. पाठ, कंबर, मांड्या, खांदे, सगळं एकदम. ते खाटेवर तडफडू लागले.

“आयव! कोन होय रे थो... हाडं मोडली ना माही! सोड! सोड मले!”

गयाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

“वाचवलं, भन्ते,” निशांत म्हणाला. पण आवाज आता तितका खणखणीत नव्हता.

“हो,” भन्ते म्हणाले. “श्वास आला. दुखणंही आलं.”

“इलाज नव्हता.”

लहानूजींनी भन्तेंचा हात इतका घट्ट आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. ती त्यांनी सोडवून घेतली नाहीत.

त्या खोलीतला पुढचा वेळ फार वाईट गेला. दुखण्यावर दुसरं काही देता येत नव्हतं. दिलं तरी उतारा ते लागू देत नव्हता. लहानूजी शिव्या देत होते. आधी डॉक्टरला, मग नशिबाला, मग नुसत्याच. निशांत नाडी पाहत उभा होता आणि प्रत्येक शिवी त्याला लागत होती.

मध्येच तो गयाबाईंकडे वळला.

“मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? पट्टी लावली त्याच दिवशी?”

“काय सांगितलं होतंस?” हे भन्तेंनी विचारलं.

“पट्टीची काळजी घ्या म्हणून.”

“त्यांनी घेतली.”

निशांत पुन्हा नाडीकडे वळला.



हळूहळू लहानूजींचं ओरडणं कमी झालं. मग कण्हणं. मग तेही थांबलं. कपाळाच्या आठ्या सैल झाल्या. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्याच्या यंत्रावर हिरवा आकडा स्थिर होता. खोलीतल्या सगळ्यांनीच सुस्कारा सोडला.

निशांत बाहेर जाऊन हात धुऊन आला. येताना व्हरांड्यातली पिशवी घेऊनच आला आणि दारात उभा राहिला.

भन्तेंनी एक स्टूल ओढलं होतं. ते लहानूजींच्या छातीशी नजर येईल असे बसले होते.

“आता ठीक आहेत, भन्ते. दुखणंही कमी झालंय.”

“हं.”

“सिस्टर आहेत. यंत्र लावलंय. आकडा खाली आला की ते ओरडेल.”

“हं.”

“दुपारची बस मिळेल मला अजून.”

“उतारा किती वेळ टिकतो रे?”

निशांतला प्रश्न सोपा वाटला. सोपा प्रश्न आला की तो नेहमी खूश होई.

“पाऊण तास. फार तर तास.”

“आणि कातडीखाली साठलंय ते?”

“ते... रात्रीपर्यंत राहील. कदाचित उद्यापर्यंत.”

“म्हणजे आधी कोण जाणार?”

“उतारा.”

“आणि तू त्याच्याबरोबर निघालास?”

निशांतचा चेहरा उतरला. राग आला होता त्याला, खरं तर. आपण चूक केली असती तर गोष्ट वेगळी. पण श्वास आणला कोणी? धावपळ केली कोणी? भन्ते तर नुसता खांदा धरून हाका मारत होते.

“मी लगेच निघत नाहीये,” तो म्हणाला. “बाहेरच आहे. एक फोन करून येतो.”

तो बाहेर आवारात गेला. शिबिराच्या मंडळींना त्यानं फोन लावला. उशीर झाला तर चालेल का, असं विचारलं. दार बंद झालं की उघडत नाही, असं तिकडून सांगितलं. मग बसच्या वेळा विचारल्या. मग शिबिराला निघालेल्या एका मित्राशी बोलणं झालं. तो मित्र आधीच बसमध्ये बसला होता. बोलणं जरा लांबलं.

परत आला तेव्हा खोलीत शांतता होती. गयाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. भन्ते तसेच स्टुलावर.

निशांतनं पहिल्यांदा यंत्राकडे पाहिलं.

“अठ्ठ्याण्णव!” तो आनंदानं म्हणाला. “बघा भन्ते, उत्तम आहे.”

भन्तेंनी चीवराचं टोक उचललं आणि यंत्राच्या आकड्यावर टाकलं. दुसरा हात लहानूजींच्या खांद्यावर होता.

“आता सांग.”

“काय सांगू? तुम्ही आकडा झाकलात.”

“आता सांग, श्वास चालू आहे का?”

निशांत हसणार होता. मग त्यानं लहानूजींच्या छातीकडे पाहिलं.

छाती हलत नव्हती.

तो वाट पाहत राहिला. आता हलेल. आता.

हलली नाही.

पोटाकडे पाहिलं. नाकपुड्यांकडे पाहिलं. कुठेच काही नव्हतं. खोलीत कुणीतरी मोठा दगड आणून ठेवावा तशी ती शांतता वाढत चालली.

“लहानूजी!” निशांत किंचाळलाच. “लहानूजी, श्वास घ्या!”

छाती उचलली गेली. एक श्वास आत गेला, बाहेर आला.

“घ्या! आणखी एक घ्या!”

आणखी एक आला.

निशांतच्या हातातली पिशवी कधी खाली पडली ते त्याला कळलं नाही. नळीतून भरपूर प्राणवायू मिळत होता म्हणून आकडा चढाच राहिला होता. त्याच्या मागे श्वास कधीचा मंदावला होता. हे सगळं त्याला पाठ होतं. परीक्षेत त्यानं यावर पानभर लिहिलं होतं आणि गुणही छान मिळाले होते.

“तुम्हाला माहीत होतं,” तो भन्तेंना म्हणाला. “तुम्ही मला हाक का नाही मारलीत?”

“मी लहानूजींना मारत होतो.”

तेव्हा निशांतला कळलं की तो फोनवर होता तोवर हा म्हातारा इथे एकटाच हळू आवाजात हाका मारत बसला होता. दर वेळी श्वास लांबला की एक हाक. आत्ताची तेवढी त्यांनी निशांतसाठी ठेवली होती.

तो खजील झाला. अगदी मनापासून खजील झाला. बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

सिस्टरनं नवी कुपी पुढे केली. निशांतचा हात सवयीनं सुईकडे गेला आणि थांबला. मग त्यानं मोठी सिरिंज मागितली. कुपीतलं औषध सलाईनच्या पाण्यात मिसळून पातळ केलं.

“किती देऊ, भन्ते?”

“मला काय विचारतोस?”

भन्तेंची नजर लहानूजींवर होती. निशांतनंही तिकडे पाहिलं.

त्यानं थोडंसं दिलं आणि थांबला. छातीकडे पाहत राहिला. एक श्वास... बराच वेळ... दुसरा. त्यानं आणखी थोडं दिलं. पुन्हा थांबला. थांबणं त्याला जमत नव्हतं. अंगठा आपोआप दट्ट्याकडे वळत होता, तो त्यानं मुद्दाम उचलून धरला.

तिसऱ्यांदा थोडं दिल्यावर श्वास जवळजवळ येऊ लागले.

लहानूजी ओरडले नाहीत. कपाळाला आठी पडली नाही. फक्त त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर हलू लागली. चिमटीत काहीतरी धरून वळल्यासारखी.

गयाबाई उठून जवळ आल्या. बघत राहिल्या. आणि त्या सकाळनंतर पहिल्यांदा हसल्या. डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

“बिड्या वळून रायले पाहा,” त्या म्हणाल्या. “दुखत नसलं का असेच करते.”

निशांतनं खाटेच्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढलं.

दुपारी रस्त्यावरून बस गेली. तिचा हॉर्न खोलीत ऐकू आला. निशांतनं मान वर केली नाही. त्या वेळी एक श्वास यायचा होता.

भन्तेंचं भिक्षापात्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. गयाबाईंनीच कधीतरी त्यात वरणभात आणून वाढला होता. भन्ते दिवसातून एकदाच जेवत आणि सूर्य डोक्यावरून कलल्यावर काही खात नसत. आता ऊन खिडकीतून आत आलं होतं.

निशांतच्या ते उशिरा लक्षात आलं.

“भन्ते, तुमचं जेवण राहिलं!”

“राहिलं खरं.”

“मी बसलो असतो ना इथे. सांगायचं तरी.”

“तू फोनवर होतास.”

यात रागाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच निशांतला ते जास्त लागलं. भन्तेंनी पात्र उचलून गयाबाईंच्या हातात दिलं.

“तुम्ही खा, बाई. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.”

“तुमचं अन्न मी कशी खाऊ, भन्तेजी?”

“वरणभात आहे. बसा आणि खा.”

गयाबाईंनी दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला.

“माह्यामुळंच झालं ना हे?” त्या भन्तेंना म्हणाल्या. “चाळीस वर्सं संसार केला. आन म्याच...”

भन्ते लहानूजींच्या छातीकडे पाहत राहिले. त्यांनी निशांतकडे पाहिलंसुद्धा नाही.

उत्तर निशांतलाच द्यावं लागलं. तो स्टुलावरून उठला, गयाबाईंच्या समोर जमिनीवर बसला. बसला मात्र असा की लहानूजींची छाती दिसत राहील.

“तुमच्यामुळं नाही. मी नीट सांगितलं नव्हतं.”

“तुम्ही तं सांगतलं होतं...”

“काळजी घ्या म्हणालो. काय काळजी ते नाही सांगितलं. आता ऐका. ही पट्टी दुखतं तिथे लावायची नसते. कुठेही लावली तरी औषध कातडीतून रक्तात जातं आणि अंगभर फिरतं. ऊन लागलं, शेक लागला, शेगडी जवळ आली की ते एकदम जास्त उतरतं. जास्त उतरलं की माणूस श्वास घ्यायचा विसरतो.”

“म्हणजे थे मलम नव्हे.”

“नव्हे. आणि थंडी वाजली तर?”

“गोधडी टाकाची. शेक नाही द्याचा.”

“झोपेतून उठवता नाही आलं तर?”

“वरडाचं. तुमाले बलवाचं. आन नाव घेऊन हाका मारत राहाचं.”

“बरोबर.” निशांत थांबला. “एकदम बरोबर.”

“पयलेच सांगतलं असतं असं,” गयाबाई म्हणाल्या आणि उरलेला भात जेवल्या.

निशांत पुन्हा स्टुलावर येऊन बसला.

दुपार अशीच गेली. श्वास लांबला की हाक मारायची. हाकेनं भागलं नाही की सिरिंजमधलं थोडंसं द्यायचं. पुन्हा बघत बसायचं. कधी भन्ते हाक मारत, कधी निशांत. एकदा तर दोघांनी एकदमच मारली आणि लहानूजी झोपेतच वैतागल्यासारखे हुंकारले. भन्ते हसले. मग निशांतही हसला.

मधल्या वेळात त्याच्या डोक्यात शिबिर आलं नाही असं नाही. आलं. मित्र आता पोचला असेल, जागा धरली असेल, हे सगळं आलं. पण दर वेळी ते पूर्ण मनात यायच्या आत लहानूजींची छाती थांबे आणि निशांत तिकडे जाई.

ऊन उतरलं. सिस्टरनं दिवा लावला.

शेवटचं औषध देऊन बराच वेळ झाला होता. त्याचा अंमल उतरत असणार. श्वास पुन्हा मंद झाले.

निशांतनं सिरिंज हातात घेतली.

श्वास आला... गेला.

त्यानं वाट पाहिली. अंगठा दट्ट्यावर होता. हाक मारावी का? द्यावं का थोडं? भन्तेंकडे पाहावंसं त्याला फार वाटलं. पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तेवढ्या वेळात छाती नजरेतून सुटली असती.

गयाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. त्यांनाही कळत होतं.

काहीच नाही...

अजून काहीच नाही...

आणि छाती उचलली गेली. कोणी हाक मारली नव्हती. कोणी काही दिलं नव्हतं. लहानूजींनी आपला आपण श्वास घेतला होता.

निशांतनं अंगठा काढला नाही. एका श्वासावर कोण विश्वास ठेवणार?

दुसरा आला. तिसरा आला, जरा लवकर. मग ते येतच राहिले. मंद होते, पण एकामागून एक, कोणाच्या सांगण्याशिवाय.

निशांतनं सिरिंज ताटलीत ठेवली. पुष्कळ औषध शिल्लक होतं तिच्यात. ते दिलं नाही याचा त्याला सकाळच्या सगळ्या धावपळीपेक्षा जास्त आनंद झाला, आणि हा आनंद कोणाला दाखवायचा हेच त्याला सुचेना.

लहानूजींनी डोळे उघडले. बराच वेळ छताकडे पाहिलं. मग मान कलती केली.

“गये...”

“आवं, आहो मी इथंच.”

“हा कोन बसला?”

“डाक्टर साहेब होय ना.”

लहानूजींनी निशांतला नीट निरखलं.

“दिवसभर माह्या नावानं बोंबलत होता थो हाच काय?”

“हाच,” भन्ते म्हणाले.

“झोपू नाही देलं बापा यानं.” लहानूजींनी थोडा दम घेतला. मग म्हणाले, “जयभीम, डाक्टर.”

“जयभीम, लहानूजी. दुखतंय का?”

“नाही जी. पोटात कावळे वरडून रायले.”

गयाबाई रडत रडत हसल्या. त्यांनी वाकून निशांतच्या पायांना हात लावायला सुरुवात केली तसा तो गडबडून उभा राहिला.

“हे काय करता!”

“तुमीच वाचवलं यायले.”

सकाळी हेच वाक्य त्यानं स्वतःच म्हटलं होतं. आता ते ऐकताना तो लाजला.

“श्वास त्यांनी घेतला, बाई,” तो म्हणाला. “आम्ही आठवण करून देत होतो.”

गयाबाई पेज करायला आत गेल्या. लहानूजींचा पुन्हा डोळा लागला. बोटं चादरीवर हळूहळू हलू लागली. यंत्रावरचं चीवराचं टोक कधीच सरकलं होतं आणि हिरवा आकडा उघडाच चमकत होता. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

रात्र अजून पुढे होती. कातडीखालचं औषध पुरतं ओसरायचं होतं. निशांतनं आपली पिशवी भिंतीकडे सारली आणि तो पुन्हा स्टुलावर बसला. समोरच्या स्टुलावर भन्ते होते, उपाशी आणि प्रसन्न.

दोघांच्या मधे लहानूजी श्वास घेत होते.



“भन्ते...”

“हं.”

“नागपूरला आत्ता पहिली बैठक सुरू झाली असेल.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नुसतं मनात आलं आणि बोलला. बोलतानाही नजर छातीवरून हलली नव्हती.

“आत्ता?” भन्ते म्हणाले. “आपल्यापेक्षा बरेच उशिरा बसले की.”